राणीला कोणी विचारतच नाही: मधमाश्या घर कसं ठरवतात आणि माणसांचा घोळका कुठे चुकतो

"गाव करील ते राव काय करील" असं आपण म्हणतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावाबद्दल "एक मेंढरू गेलं की सगळी त्याच्या मागे" असंही म्हणतो. दोन्ही अनुभव खरे आहेत. घोळका कधी कधी एकट्या हुशार माणसापेक्षा बरोबर ठरतो, आणि कधी सगळे मिळून असं काही करून बसतात की त्यातल्या कोणालाही एकटं असताना ते सुचलं नसतं. मग फरक नेमका कशाने पडतो? माणसं तीच, डोकी तीच. या प्रश्नावर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत फार सुंदर काम झालंय, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यात स्वच्छ उत्तर मधमाश्यांकडून आलंय. म्हणून मधमाश्यांपाशी जरा जास्त थांबू, मग मुंग्या, माणसं, रोबो.

आधी माश्यांची अडचण काय असते ते बघा. युरोप-अमेरिकेत पाळतात ती मधमाशी झाडाच्या ढोलीत राहते. वसंतात पोळं भरून गेलं की जुनी राणी साधारण दोन तृतीयांश कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते, जुनं घर नव्या राणीला सोडून. हा दहाएक हजार माश्यांचा घोस जवळच्याच एखाद्या फांदीवर लोंबकळत बसतो, आणि आता त्यांना घर नाही. पोटात भरून आणलेला मध तेवढा शिल्लक, पाऊस आला तर भिजणार, आणि घर चुकीचं निवडलं, म्हणजे ढोली लहान निघाली, तर हिवाळ्यापुरता मध साठवायला जागा पुरणार नाही आणि सगळी वसाहत मरणार. म्हणजे निर्णय एकदाच घ्यायचा, सगळ्यांनी मिळून एकच घ्यायचा, आणि तो बरोबरच यायला हवा. यात राणीला काही विचारत नाहीत. ती घोसात मध्ये कुठेतरी बसलेली असते, तिला नवी जागा कुठे आहे हेसुद्धा माहीत नसतं.

हे सगळं पहिल्यांदा नीट बघितलं मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने. माश्या नाचून फुलांचा पत्ता सांगतात हे ज्यांनी उलगडलं आणि पुढे १९७३ साली ज्यांना नोबेल मिळालं, त्या कार्ल फॉन फ्रिश यांचा हा विद्यार्थी. १९४९ मध्ये म्युनिकमध्ये एक घोस लटकलेला त्याला दिसला आणि त्यावर काही माश्या नाचत होत्या. नाचणाऱ्या माशीच्या अंगावर एरवी परागकण असतात, या माश्या मात्र मळलेल्या होत्या, कोणी काजळीने काळी, कोणी विटेच्या भुकटीने लाल. युद्धात बाँब पडून म्युनिकचे ढिगारे झाले होते, आणि या माश्या धुराडी आणि पडक्या भिंती धुंडाळून आल्या होत्या. म्हणजे त्या फुलांचा पत्ता सांगतच नव्हत्या, घरांचा सांगत होत्या! मला विज्ञानातल्या आवडत्या क्षणांपैकी हा एक वाटतो, कारण यात यंत्र नाही, पैसा नाही, फक्त माशी मळलेली का आहे हा प्रश्न कोणीतरी मनावर घेतला.

नाच कसा असतो ते थोडक्यात. माशी अंग थरथरवत सरळ रेषेत थोडी जाते, वळून परत येते, पुन्हा तीच रेषा. ती रेषा सरळ वर असेल तर जागा सूर्याच्या दिशेला, उजवीकडे जेवढी कललेली तेवढी जागा सूर्याच्या उजवीकडे. थरथर जितकी लांब तितकं अंतर लांब, साधारण एका सेकंदाला एक किलोमीटर. आणि जागा जितकी चांगली तितक्या जास्त वेळा हा फेरा ती मारते.

आता पुढचं काम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांचं. या माणसाने अख्खं आयुष्य यावर घालवलं. एका प्रयोगात चार हजार माश्यांच्या घोसातल्या प्रत्येक माशीवर बारीक नंबरचं लेबल लावलं, म्हणजे कोण कुठे गेली, कोणासाठी नाचली, कधी थांबली याची एकेकीची नोंद करता यावी. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅपलडोर नावाचं बेट आहे, तिथे मोठी झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे माश्यांना सीलींनी ठेवलेल्या लाकडी खोक्यांशिवाय बरी ढोलीच मिळत नाही. तिथे त्यांनी पाच खोके ठेवले, चार १५ लिटरचे म्हणजे जेमतेम, आणि एक ४० लिटरचा, जो माश्यांना मनापासून आवडतो. पाच वेळा हा प्रयोग केला, चार वेळा माश्यांनी बरोबर ४० लिटरचाच निवडला. यातल्या कुठल्याही एका माशीने पाचही खोके बघून तुलना केलेली नसते हे लक्षात घ्या. तुलना घोस करतो, माशी करत नाही.

हे जमतं कसं, तर घोसातल्या काही शे माश्याच फक्त घर शोधायला जातात, बाकीच्या गप्प लटकून ऊर्जा वाचवतात. या टेहळणी माशीला जागा सापडली की ती आत शिरून अर्धा-पाऊण तास पाहणी करते, अंधारात भिंतीवरून चालत चालत आतली जागा मापते. (सीलींनी हेही तपासलं. गोल फिरणारी भिंत असलेली ढोली बनवली, आणि माशीला चालायला जास्त लागेल अशी ती फिरवली तर छोटी ढोलीसुद्धा माशीला मोठी वाटते!) मग ती परत येऊन नाचते. तिचा नाच बघून दुसरी माशी उडते, आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते: ही दुसरी माशी पहिलीचं ऐकून लगेच तिच्या बाजूने नाचायला लागत नाही. ती आधी स्वतः जाते, स्वतः आत शिरते, स्वतः मापते, आणि तिला जेवढी आवडली तेवढंच नाचते. ओळखीच्या कोणी फ्लॅट सुचवला तर आपण पत्ता त्यांच्याकडून घेतो पण पाणी येतं का, लिफ्ट चालते का हे स्वतः जाऊन बघतो, तसंच. पत्ता उसना, मत स्वतःचं. पहिली माशी चुकून वाईट जागेसाठी जोरात नाचली तरी तिच्या मागून गेलेल्या तिथे जाऊन बघतात, त्यांना जागा तितकी आवडत नाही, त्या थोडंच नाचतात, आणि चूक तिथेच विरते, पुढे वाढत नाही.

दुसरी गोष्ट मला तर त्याहून सुंदर वाटते. माशी आपल्या जागेसाठी कायम नाचत राहत नाही. प्रत्येक वेळी जागा बघून परत आली की साधारण पंधराएक फेरे कमी नाचते. समजा चांगल्या जागेसाठी सुरुवात नव्वद फेऱ्यांनी झाली तर पुढच्या वेळी पंचाहत्तर, मग साठ, असं करत सहा वेळांत ती गप्प. जेमतेम जागेसाठी सुरुवातच तीसने झाली तर दोनदा नाचून गप्प. जागा तिला नंतर कमी आवडते असं नाही, जोर आपोआप ओसरतो. आधी वाटायचं की माश्या दुसऱ्या जागा बघून तुलना करतात आणि आपलं मत बदलतात, पण बहुतेक जणी मत वगैरे बदलत नाहीत, नाचायच्याच थांबतात. याचा परिणाम असा की हट्टाने शेवटपर्यंत ओरडणारं कोणीच उरत नाही, आणि जिच्याकडे नवनव्या माश्या स्वतः बघून खूश होऊन येतायत तीच जागा टिकते. आपल्या सोसायटीच्या मीटिंगा ज्यांनी बघितल्यात त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट, एकमेकींना थांबवणं. २०१२ साली सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका जागेवरून आलेली माशी दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला जाऊन डोक्याने ढुशी देते आणि एक बारीक पीप असा आवाज काढते. अशा पुष्कळ ढुश्या खाल्ल्या की नाचणारी थांबते. ढुश्या मुख्यतः विरोधी जागेच्या माश्या देतात हे कळलं कसं, तर दोन खोक्यांपाशी येणाऱ्या माश्यांना दोन वेगळे रंग लावून ठेवले होते. हे लागतं कशाला? दोन जागा अगदी सारख्या चांगल्या असतील तर गाडं अडकू नये म्हणून. आपल्या मेंदूत दोन पर्यायांतला एक निवडताना मज्जापेशींचे गट एकमेकांना असंच दाबतात असं दिसतं, आणि संशोधकांनी ही तुलना मुद्दाम मांडली आहे.

आणि शेवटी, ठरलं हे ठरवतं कोण? इथे लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. घोसावर सगळ्या एकाच जागेसाठी नाचायला लागल्या की निघतात असं वाटतं, पण मोजणी तिथे होतच नाही, मोजणी होते नव्या जागेवर. तिथे एका वेळी वीस-तीस माश्या जमल्या की त्यांना कळतं की पुरेशी संख्या झाली. मग त्या परत येऊन घोसात शिरतात आणि एक विशिष्ट आवाज काढत फिरतात, तो ऐकून बाकीच्या माश्या उडायचे स्नायू हलवून अंग ३५ डिग्रीपर्यंत तापवतात, आणि मग सगळा घोस एकदम सुटतो. हे पडताळायला सीली आणि त्यांचे सहकारी व्हिशर यांनी एकाच ठिकाणी एकसारखे पाच खोके शेजारी शेजारी ठेवले. जागा तीच, माश्या तेवढ्याच, पण त्या पाच खोक्यांत विभागल्या जातात त्यामुळे कुठल्याच एका खोक्यापाशी पुरेशी गर्दी होत नाही, आणि निघायला खरंच जास्त वेळ लागला. इतका साधा प्रयोग, पण शंका राहत नाही.

कधी कधी हे फसतंही बरं का. दोन गट अडून बसले आणि घोस हवेत उठून दोन्हीकडे ओढला गेला, हे लिंडाउअरने स्वतः पाहिलं होतं.

आपल्याकडची सातेरी मधमाशीही ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी, तिलाही असंच घर शोधायला लागतं. आग्या माशी वेगळी, ती उंच झाडाला, कड्याला, इमारतीच्या सज्जाला उघड्यावर पोळं लावते. कुठेही अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसला तर दगड मारू नका आणि धूर करू नका, ही कळकळीची विनंती. अशा घोसापाशी राखायला ना मध ना पिल्लं, बऱ्याचदा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत तो आपोआप निघून जातो. पण आग्याला डिवचलं तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे लांब राहायचं आणि जाणकाराला बोलवायचं.

आता याच्या उलट टोक बघू, म्हणजे स्वतः बघणं बंद झालं की काय होतं. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात, पुढची मुंगी वास सोडते आणि मागची त्यावरून चालते. एरवी हे झकास चालतं. पण रांगेचं पुढचं टोक चुकून स्वतःच्याच शेपटाला भेटलं तर गोल तयार होतो, आणि प्रत्येक मुंगी पुढचीच्या मागे जातेय म्हणून सगळ्या गोल गोल फिरत राहतात. विल्यम बीबी या निसर्गअभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी गयानामध्ये असा एक गोल पाहिला होता, त्याचा घेर सुमारे १२०० फूट, एका मुंगीला एक फेरी पूर्ण करायला अडीच तास, आणि हे दोन दिवस चाललं, बहुतेक मुंग्या दमून मेल्या. यात एकही मुंगी नियम मोडत नव्हती हे फार बोचतं मला. प्रत्येक जण आपलं काम नीट करत होती, फक्त रस्ता बरोबर आहे का हे बघायचं काम कोणाचंच नव्हतं.

आणि माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. कधी माशी होतो, कधी मुंगी, हे आपल्याला प्रश्न कसा विचारला जातो यावर ठरतं. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथला जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथे एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल याची पैज लागली. सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं, त्यावर आकडा लिहायचा. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटं मागून घेतली. नीट भरलेली ७८७ निघाली. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला काढला तर तो आला १२०७ पौंड, आणि खरं वजन होतं ११९८. म्हणजे एक टक्कासुद्धा चूक नाही! गाल्टनचा सामान्य माणसाच्या अकलेवर फारसा विश्वास नव्हता, तरी त्याने हे १९०७ साली छापलं. लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा "जनता शहाणी असते" इथे थांबतात, पण तिकिटाची रचना विसरतात. प्रत्येकाने बैल स्वतः बघितला होता, आकडा स्वतः लिहिला होता, शेजाऱ्याचा न बघता, आणि पैसे आपले गेले होते म्हणून विचार करून लिहिला होता. त्यात खाटीक होते, शेतकरी होते, काहीच न कळणारेही होते, कोणाची चूक वर गेली कोणाची खाली, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

हेच तिकीट जर तोंडी असतं, म्हणजे पहिल्याने मोठ्याने "नऊशे" म्हटलं असतं, तर? झुरिकमध्ये २०११ साली जवळपास हाच प्रयोग झाला. १४४ विद्यार्थ्यांना स्वित्झर्लंडविषयीचे आकड्यांचे प्रश्न विचारले, काहींना इतरांची उत्तरं दाखवून पुन्हा अंदाज करायला सांगितला. इतरांची उत्तरं बघितल्यावर सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले, पण खऱ्या उत्तराच्या फारसे जवळ गेले नाहीत, आणि वर आत्मविश्वास मात्र वाढला. हे अगदी घातक मिश्रण आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बघा, एकमत झालंय म्हणजे बरोबरच असणार, पण ते एकमत एकमेकांकडे बघून आलेलं असतं.

अमेरिकेत त्याआधी, २००६ मध्ये छापून आलेला एक प्रयोग गाण्यांचा आहे. चौदा हजारांहून जास्त लोक, ४८ अनोळखी गाणी. काहींना नुसती गाणी दिली, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकून आपल्या गटात कुठलं गाणं किती डाउनलोड झालंय ते दाखवलं. गाणी तीच, पण आठ गटांत हिट गाणी वेगवेगळी निघाली. खूप चांगलं गाणं सहसा अगदी तळाला गेलं नाही आणि खूप वाईट वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही झालं. आज आपण हॉटेल, डॉक्टर, मोबाइल सगळं स्टार आणि लाइक बघून निवडतो, तेव्हा हा प्रयोग आठवायला हवा, कारण आपल्याला दिसतो तो आकडा हजार जणांनी स्वतंत्रपणे दिलेला नसतो, त्यातल्या कितीतरी जणांनी आधीचा आकडा बघून दिलेला असतो.

रोबोवाल्यांना हाच प्रश्न दुसऱ्या दाराने भेटला. हार्वर्डमध्ये किलोबोट नावाचे छोटे रोबो बनवले, रुंदी तीन सेंटीमीटरच्या आसपास, तीन काड्यांवर थरथरत सरकणारे, आणि फक्त जवळच्या शेजाऱ्यांशी इन्फ्रारेडने बोलू शकणारे. २०१४ साली अशा १०२४ रोबोंनी मिळून चांदणीसारखे आकार बनवून दाखवले, वरून हुकूम देणारा कोणी नाही, एकेका आकाराला बारा-बारा तास लागले. आकार बनवणं एक, निर्णय घेणं वेगळं. ब्रसेल्सच्या विद्यापीठात मार्को डोरिगो यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी १०० किलोबोटना दोन जागांमधली चांगली निवडायला लावली, आणि पद्धत सरळ माश्यांची घेतली: रोबोने जागेवर जाऊन तिची प्रत स्वतः मोजायची, परत यायचं, आणि प्रत जितकी चांगली तितका जास्त वेळ आपलं मत शेजाऱ्यांना सांगत राहायचं. मग प्रश्न आला की रोबोने मत बदलताना काय करायचं, शेजाऱ्यांपैकी कोणा एकाचं मत उचलायचं की आजूबाजूच्यांचं बहुमत घ्यायचं? आपल्याला वाटेल बहुमतच बरं. बहुमताने निर्णय लवकर होतो हे खरं, पण चुकण्याची शक्यताही वाढते, कारण सुरुवातीला योगायोगाने एका जागेची चार मतं जास्त असली की बहुमत तीच चूक भराभर पसरवतं. कोणा एकाचं ऐकलं तर वेळ लागतो पण चांगल्या जागेला वर यायला सवड मिळते. घाई आणि अचूकपणा यांची ही ओढाताण माश्यांतही आहे, मुंग्यांतही आहे, आणि आता आपण बनवलेल्या यंत्रातही तीच निघाली. इंजिनिअरने कितीही चलाखी केली तरी ती पूर्ण जात नाही, फक्त कुठे किती द्यायचं ते ठरवता येतं.

बाकी प्राण्यांच्या पद्धतीही वाचण्यासारख्या आहेत. बोट्स्वानातली रानकुत्री शिकारीला निघण्याआधी एकत्र जमतात आणि शिंकतात, शिंका पुरेशा झाल्या तर टोळी निघते. प्रमुख जोडीपैकी कोणी पुढाकार घेतला असेल तर तीनेक शिंका पुरतात, नाहीतर दहाच्या आसपास लागतात, असं २०१७ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे मत सगळ्यांना आहे पण वजन सारखं नाही. केनियातल्या बबून माकडांना जीपीएसचे पट्टे लावून पाहिलं तर दोन गट थोड्याशा वेगळ्या दिशांना ओढत असतील तेव्हा टोळी मधली वाट धरते, दिशा फारच वेगळ्या असतील तर मात्र एक बाजू निवडते. नेहमी टोळीच्या दादाचंच चालतं असंही तिथे आढळलं नाही.

आता माश्यांचं मॉडेल माणसांना जसंच्या तसं लावता येईल का, तर नाही, आणि याचं कारण अकलेत नाही, हितात आहे. घोसातल्या सगळ्या माश्यांचं नशीब एकच असतं. घर चांगलं तर सगळ्या जगणार, वाईट तर सगळ्या मरणार, त्यामुळे खोटं नाचण्यात कोणाचाच फायदा नाही. आपल्या बैठकीत मात्र रस्ता कोणाच्या शेताजवळून जातो यावर मतं ठरतात. म्हणून रोबोंच्या अभ्यासातही आता मुद्दाम खोटं बोलणारे रोबो गटात टाकून बघतात. डोरिगोंच्याच गटातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ब्लॉकचेन वापरून, म्हणजे प्रत्येकाने काय सांगितलं याची कोणालाही खोडता न येणारी सामायिक वही ठेवून, असे खोटारडे रोबो बाजूला काढता येतात हे दाखवलं.

माणसांनी हे कसं सांभाळावं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंड आदिवासींचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्या गावाचं काम महाराष्ट्राला माहीत झालं. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, एखाद्याचा विरोध असेल तर त्याला मतदानात पाडत नाहीत, पुन्हा बसून बोलतात. पण लोक या सहमतीचंच कौतुक करतात आणि दुसरी अर्धी गोष्ट राहून जाते: तिथे निर्णयाची ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, माहिती काढायची, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि तिथे काही ठरवायचं नाही. ठरवायची घाई नसल्यामुळे माणूस बाजू न घेता प्रश्न विचारू शकतो. मग ग्रामसभेत जो तो आपलं आपण समजून घेऊन येतो. वनहक्क कायदा त्यांनी असाच वाचून काढला, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये तिथल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडून ग्रामसभेकडे आला.